एका हाताची गाडी

आयुष्यभर तुम्हाला अहो-जाहो केलं. आज मात्र 'तू' म्हणणार आहे. इतका राग आलाय की 'तुम्ही' तोंडात बसत नाही. आणि तू काही उठून विचारणार नाहीस, "मास्तरीणबाई, हे काय नवीन?"

तुला जाऊन महिना उलटला. ऑफिसात डबा खाल्लास, हात धुवायला उठलास आणि बेसिनपाशीच कोसळलास. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तू घरी आलास ॲम्ब्युलन्समधून आणि गाडी, तुझी मोटरसायकल, ऑफिसच्या शेडमध्ये राहिली. तुझ्याशिवाय ती कधी कुठं मुक्कामाला राहिली नव्हती. घरात माणसं रडत होती, भंतेजी त्रिशरण देत होते, आणि माझ्या मनात मधेच येत होतं की गाडीवर कोणी कापड टाकलं असेल का. एप्रिलचं ऊन, वरून पत्र्याचं शेड. तू असतास तर पेट्रोलचा कॉक बंद केलाय का, हेच आधी विचारलं असतंस.

बघ, रागातसुद्धा मी तुझ्याच शाळेतलं बोलते.

आपलं लग्न आणि गाडी एकाच महिन्यातली. उदगीरहून नांदेडला पहिल्यांदा आलो ते तिच्यावरच. मला वाटलं होतं, नवा नवरा, नवी गाडी, जरा वारा लागेल. तू काटा चाळीसच्या वर जाऊ देईनास. नव्या इंजिनला पळवायचं नसतं, आतले भाग एकमेकांना घासून आपापली जागा करून घेतात, मग जन्मभर कुरकुर करत नाहीत, असं तू मान मागं वळवून मला समजावत होतास. उसाचा ट्रॅक्टर आपल्याला ओलांडून पुढं गेला. ट्रॉलीवर बसलेल्या बाया माझ्याकडं हात दाखवून हसल्या. मी नव्या साडीत, एका बाजूला पाय सोडून बसलेली, शरमेनं मान खाली घातलेली. अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा मी म्हटलं, "याच्यापेक्षा बैलगाडी बरी." तू बशीत फुंकर मारत म्हणालास, "आत्ता दमानं घेतलं की वीस वर्षं इंजिन खोलायचं काम न्हाई. बघ तू."

बघितलं. वीसच्याही पुढं गेलं. वरची झाकणं निघाली असतील, पण आजही ते इंजिन पुरतं कोणी खोललेलं नाही. तेवढा शब्द तू पाळलास.

रविवारी बाकीच्यांच्या घरी सकाळपासून मटणाची तयारी असायची. आपल्याकडं आधी चेन, मग मटण. गाडी मधल्या स्टँडवर घ्यायला मागून मी ओढायचे. तू ब्रशनं चेन घासायचास आणि मी मागचं चाक हातानं सावकाश फिरवायचे. चेनची ढील तू दोन बोटांनी बघायचास. इंजिन ऑइल पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या आधीच बदलायचास, आणि उतरवलेलं काळं ऑइल बोटात चोळून मला हुंगायला लावायचास. "जळकट येतंय का गं?" प्लग काढला की पुसून माझ्या तळहातावर ठेवायचास. बिस्किटाच्या रंगाचा असला की गाडी सुखी. काळा पडला तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा पडला तर हवा जास्त होतेय. उन्हाळ्यात एअर फिल्टर सारखा काढून झटकायचा, कारण आपल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक, कुठंही शिरते. दिवसा मी चौथीला परिसर अभ्यास शिकवायचे आणि घरी येऊन दहा-अकराचा पाना कुठला ते न बघता हातात द्यायचे.

आणि ऐकायचे. हे मुद्दाम लिहिते, कारण त्या गाडीत माझं असं एकच होतं, माझा कान. तू पुढं हेल्मेटात, वाऱ्यात. मागं मला आवाज स्वच्छ यायचा. किनवटच्या जंगलातून सहस्रकुंडाला चाललो होतो तेव्हा मीच तुझ्या खांद्यावर हात मारून सांगितलं होतं, टापेट वाजतंय, व्हॉल्व्हची टिकटिक येतेय. तू सागाच्या सावलीत गाडी लावलीस. टापेट गार इंजिनावरच सेट करायचे असतात, म्हणून इंजिन निवेपर्यंत आपण शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. मग तू झाकण खोललंस, फट मोजायची पातळ पट्टी घालून बघितलीस आणि म्हणालास, "तुझा कान म्हणजे अर्धा मेकॅनिक हाय." मला कोणी आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार दिला असता तरी इतका आनंद झाला नसता. त्याच वाटेवर मीटरचे पाचही आकडे फिरून शून्यावर आले. तू मला खाली उतरवून ते पाच शून्य दाखवलेस आणि पोरासारखा हसलास. तो दिवस माझ्याकडून कोणी घेऊ शकत नाही. तूसुद्धा नाही, इतकं करूनही.

दरवर्षी दसऱ्याला आपण गाडीवर नागपूरला दीक्षाभूमीवर जायचो. तू सुटी क्लच केबल जुन्या केबलच्या शेजारीच ओवून ठेवायचास, तुटली की वाटेत फक्त टोकं बदलायची. निघताना इंजिन थंड असलं की रेस करायची नाही. लांबून आलो की लगेच बंद करायचं नाही, जरा वेळ चालू ठेवायचं, मग चावी फिरवायची. मी हे सगळं जगले. पण एका बाजूला बसून. जाताना रस्त्याची डावी बाजू बघितली, येताना दुसरी. समोर कायम तुझी पाठ होती.

कारण हँडल तू कधी दिलं नाहीस.

"गाडी एका हाताची असावी," हे तुझं ब्रीद. प्रत्येकाचा क्लच सोडायचा वेग वेगळा, ॲक्सिलेटर पिळायची सवय वेगळी. प्लेटा, चेन, गिअर त्या एका हाताला सरावतात. दुसरा हात लागला की इंजिनाचं आयुष्य कमी झालंच समज. बाजारातसुद्धा जुनी गाडी विकणारा हेच पहिलं सांगतो, साहेब, एका हाताची आहे. मला पटलं होतं. इतकं पटलं होतं की स्टाफरूममध्ये मी अभिमानानं सांगायचे. सिद्धार्थ कॉलेजात गेला, त्यानं मागून मागून शेवटी नाद सोडला आणि पुण्याला गेल्यावर स्वतःची गाडी घेतली. पोटच्या पोराला दिली नाही म्हणजे नियम खरा, असं मी स्वतःला समजावलं. माझा भाऊ अडचणीत होता, एका दिवसासाठी गाडी मागायला आला, तेव्हा दारात उभी राहून मीच त्याला नाही म्हटलं. तू तर घरातही नव्हतास. त्यानंतर त्यानं आपल्याकडं येणं तोडलं, आणि मी म्हटलं असू दे, गाडी एका हाताची आहे.

मग माझी बदली झाली, नायगाव रस्त्यावरच्या फाट्यापासून आत. तू सकाळी मला फाट्यापर्यंत सोडायचास. पुढं रस्त्यावर खडी. "खडीत चेनचं वाटोळं होतंय," म्हणून तू तिथून वळायचास आणि मी पर्स आणि वह्यांची पिशवी घेऊन शाळेपर्यंत चालत जायचे. येताना काळीपिवळी जीप मिळेल तेव्हा. तू लातूरला मीटिंगला गेलास की सकाळीही तेच. उन्हात उभं राहून माझी कातडी करपली, पण आपली चेन बघावी तर आरशासारखी.

एप्रिलमध्ये मी पुन्हा विषय काढला होता. म्हटलं, मला आता शिकवा. तू म्हणालास, उन्हाळा सरू दे. म्हटलं, मग मी स्कुटी घेते. तू म्हणालास, "त्या डबड्याला इंजिन म्हनतात का?" मी ताट आपटलं. तू चपला घालता घालता म्हणालास, "रविवारी बोलू." रविवार आला तेव्हा तू नव्हतास. ते भांडण तसंच ताटात राहिलंय.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्या दुपारी सिद्धार्थ आणि तुझ्या ऑफिसातली माणसं गाडी छोट्या टेम्पोत घालून घेऊन आली. ती कोणालाच चालू झाली नव्हती. अंगणात उतरवल्यावर सिद्धार्थनं किक मारायला सुरुवात केली. घामाघूम झाला. किक उलटी बसून त्याची पोटरी सडकली. गल्लीतला जो तो सल्ला देऊन राहिला होता. मी ओट्यावर बसून बघत होते. मला प्रत्येक चूक दिसत होती, पण सांगायला उठावंसं वाटेना.

तेवढ्यात प्रज्ञा ओल्या हातानं स्वयंपाकघरातून बाहेर आली. तुझी भाची, विमलताईंची धाकटी, लातूरला फार्मसी शिकणारी. घरात कधी मोठ्यानं बोलत नाही अशी पोर. "दादा, सरक बरं," म्हणाली. न बघता टाकीखाली हात घालून पेट्रोलचा कॉक उघडला. चोक ओढला. चावी न लावता किक सावकाश दाबत राहिली, ऑइल वर चढावं म्हणून. मग चावी. मग एक किक. गाडी चालू झाली. तिनं रेस केली नाही. टाकीवर हात ठेवला, मान डावीकडं कलती केली आणि ऐकत उभी राहिली.

ती मान तुझी होती. अख्ख्या नांदेड-लातुरात तशी मान कलती करून इंजिन ऐकणारा एकच माणूस मला माहीत होता, आणि त्याला मी नुकतीच राख होताना बघितलं होतं.

मी तिला आत बोलावलं. "कुठं शिकलीस?"

"मामांनीच शिकवली."

"कधी?"

"माझी बारावी झाली तवा. उदगीरला, किल्ल्याच्या मागल्या मैदानात. मामा एखाद्या रविवारी आजीला भेटाया यायचे ना, तवा." मग माझ्या तोंडाकडं बघून ती घाबरली. "पार देवणीपर्यंत नेली हाय मी, मामी. कुठं पाडली न्हाई."

"मला कसं कोणी बोललं नाही?"

ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. "मामाच म्हनले, मामीला बोलू नको. तिला वाईट वाटंल."

म्हणजे तुला ठाऊक होतं. विसरलास नाही, लक्षात आलं नाही असंही नाही. मला वाईट वाटेल हे नीट समजून, जपून, ऑइलच्या डब्यासारखं झाकण घट्ट लावून तू हे ठेवलंस.

आणि मग मला क्लच आठवला. तू उदगीरहून आलास की सोमवारी फाट्यापर्यंत जाताना मला कळायचं, क्लच जरा उशिरा धरतोय. मी सांगितलं होतं तुला, एकदा नाही, कितीतरी वेळा. तू म्हणायचास, "उदगीरचा रस्ता खराब हाय." आणि मी पुन्हा बोलले की हसून म्हणायचास, "भास होतोय तुला. वय झालं." शिकणाऱ्या पोरीनं दिवसभर अर्धा क्लच दाबून गाडी चालवलेली असायची, ते मला मागच्या सीटवर बसून ऐकू येत होतं. माझा कान खरा होता. ज्या कानाला तू अर्धा मेकॅनिक म्हणालास त्यालाच खोटं पाडलंस. कान तपासून घ्यावा म्हणून मी इथल्या श्रीनगर भागातल्या डॉक्टरकडं जाऊन आले होते, ते तुला सांगितलं नव्हतं. घे, आता सांगितलं.

पोरीला शिकवलंस याचा मला राग नाही. चांगलं केलंस. तिच्यासारख्या पोरीला हँडल देणारा मामा मिळावा. पण मग नियम कोणासाठी होता? मी माझ्या भावाला कोणत्या तोंडानं परत पाठवलं?

प्रज्ञा रडत होती. मी आणखी विचारलं. ती म्हणाली, "मी बोलले होते मामांना, मामीला का न्हाई शिकवत म्हनून. तर म्हनले, ती शिकली की एकटीच जाती बघ. मंग माझ्या मागं कोण बसंल?"

विमलताई दारातच होत्या. त्यांनी पदर डोळ्याला लावला. "किती जीव होता गं माझ्या भावाचा तुझ्यावर." शेजारच्या बायांनीही माना हलवल्या. त्या दिवशी घरात सगळ्यांना तू आणखी आवडलास. मला एकटीला नाही. जीव होता म्हणून फाट्यावर उभी केलीस? जीव होता म्हणून मला भास होतात म्हणालास? तुला मागं कोणीतरी हवं होतं, तर तसं तोंडानं म्हणायचं होतंस. मी बसले असते. हँडल येत असतानाही रविवारी तुझ्या मागं बसले असते, हौसेनं. पण तू विचारलंच नाहीस, परस्पर ठरवलंस आणि वर त्याला इंजिनाचं कारण दिलंस.

दोन दिवस मी प्रज्ञाशी बोलले नाही. ती बिचारी खालमानेनं भांडी घासत होती. सिद्धार्थ पुण्याला परत जाताना म्हणाला, "आई, विकून टाकू. तुला बघवत नाही ती." विमलताई उदगीरला निघताना आडून म्हणाल्या, पोरीला चालवता येते तर तिच्याकडंच राहू द्यावी. गाडी अंगणात उभी होती, आणि उभी गाडी खराब होते हे मला तूच सांगितलेलं. ऑइल खाली उतरतं, सील सुकतात, टाकी आतून गंजते. न वापरलेलं इंजिन वापरलेल्यापेक्षा लवकर मरतं म्हणायचास. हे तू माझ्यासमोर बसून, माझ्या हातात फडकं देऊन सांगायचास, आणि तुझ्या डोक्यात एकदाही काही आलं नाही?

सोबतीला राहिलेल्या प्रज्ञाला शेवटी मीच म्हटलं, "मला शिकवतीस का?"

तिनं डोळे मोठे केले. "मामी, खरंच?"

आम्ही सकाळी ऊन चढायच्या आत कॉलनीमागच्या मोकळ्या मैदानात जातो. मी पंजाबी ड्रेस घालते. गल्लीतली माणसं बघतात. नवरा जाऊन किती दिवस झाले, हे ती मनात मोजत असणार, मोजू देत. पहिल्या दिवशी प्रज्ञा म्हणाली, "मामी, क्लच सोडायची घाई करू नका, प्लेट जळती." मी तिच्यावर खेकसले, "ठाऊक आहे मला. त्या प्लेटा बदलल्या तेव्हा बोल्ट मी धरले होते." आणि पुढच्याच क्षणी गाडी गचका खाऊन बंद पडली. पुन्हा, पुन्हा. तू डोळ्यांवर हात ठेवला असतास. खरं सांगू का, मला बरं वाटलं. प्रत्येक गचक्याला मनात म्हणत होते, घे, ही तुझी एका हाताची गाडी.

मग ती चालायला लागली. मला वाटलं होतं गिअर जमणार नाहीत. पण दुसरा कधी टाकायचा, तिसऱ्याला इंजिन कधी मागतं, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं तुझ्या मागं बसून माझ्या पाठीला ते पाठ होतं. प्रज्ञा मागून ओरडली, "मामी, तुम्हाला तर येतंय की!" तिनं तोल सावरायला माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी तुझ्या खांद्यावर ठेवायचे तसा. तेव्हा मला मागचं वजन कळलं. मागं आपलं माणूस असलं की गाडी जड होते, पण रस्त्याला धरून राहते. वळणावर भीती वाटत नाही. तुला हे रोज वाटत असणार. ते तुला सोडवेना, हेही मला समजलं. समजलं की राग जातो म्हणतात. माझा गेला नाही.

मी गाडी थांबवली. म्हटलं, "प्रज्ञा, उतर."

"मामी, एकट्या?"

"उतर."

मैदानाला एक चक्कर एकटीनं मारली. मागची सीट रिकामी. तू ज्याला भीत होतास ते हेच. मला कधी एकटीनं जाऊ दिलं नाहीस आणि स्वतः मात्र एकटा निघून गेलास, न सांगता, भर दुपारी. हेल्मेटात मी खूप रडले. तिथं कोणाला दिसत नाही, हे तुला माहीत असेल. परत आले, इंजिन लगेच बंद केलं नाही. जरा वेळ चालू ठेवलं, मग चावी फिरवली. प्रज्ञानं विचारलं, "भ्या न्हाई वाटलं?" म्हटलं, रागात होते, भ्यायला सवड कुठं होती.

सिद्धार्थला कळवलंय, गाडी विकायची नाही. विमलताईंना सांगितलंय, प्रज्ञाला लागेल तेव्हा घेऊन जावी, पण परत इथं आणून लावावी. भावाला फोन केला. त्यानं उचलला नाही, पण मी पुन्हा करणार आहे. लर्निंग लायसन काढलंय, पक्कं पुढं मिळेल. जूनमध्ये शाळा उघडली की सुरुवातीला प्रज्ञा मागं बसून येईल, नंतर मी एकटी.

वाटेत फाटा येईल. तिथं तू मला उतरवायचास. मी तिथं थांबणार नाही. खडीवरून सरळ शाळेच्या दारापर्यंत गाडी नेणार आहे. चेन खराब होईल, मला माहीत आहे. रविवारी घासीन.